मुंगी, गांधील, इंगळी

माधवनगरच्या आमच्या घरात ओट्यावर मुंग्यांची रांग लागली की सूनबाई पावडरची डबी घेऊन येते आणि मी ती तिच्या हातातून काढून घेते. मग एक कागद आडवा धरायचा, मुंग्या त्यावर चढू द्यायच्या आणि मागच्या अंगणात नेऊन झटकायचा. सुनेला ही सगळी थेरं वाटतात. आत्तींनी जैन धर्म घेतला की काय, असं ती माहेरी बोलल्याचंही माझ्या कानावर आलं आहे. वास्तविक आमच्याकडे रविवारी मटण शिजतं आणि ते मीच करते. पण मुंगी मारायची नाही, बाहेर काढायची, ही सवय मला पाटील मॅडमनी लावली. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, सवय मात्र जात नाही.

मिरजेत दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी इस्पितळाच्या पत्र्यावर पडतो. त्यातल्याच एका इस्पितळात मी मुलांच्या वॉर्डाची सिस्टर होते आणि मॅडम तिथे भूलतज्ज्ञ. मूळच्या आष्ट्याच्या, जैनांच्या घरातल्या. भाऊ ऊस आणि हळद करणारे, या शिकून डॉक्टर झालेल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर लोकांना झोपवते, घरी जाऊन आणि कुणाला झोपवू?" उंची बेताची, पण आवाज बांधावरून हाक मारायला शिकलेला. पायात बारा महिने मोजे. दुपारचा डबा सूर्य मावळायच्या आत संपवायचाच असल्यासारखा घाईने खायच्या आणि पुढ्यात कुणी कांद्याची भजी आणली की नाक मुरडून, पण डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहायच्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम ऑपरेशन संपलं की संपतं. पेशंट शुद्धीवर आला, नाव सांगितलं, की डॉक्टर हात धुऊन मोकळे. मॅडमना ते जमायचं नाही. संध्याकाळी घरी निघालेल्या बाई स्कूटरची किल्ली हातात घेऊन आमच्या वॉर्डात शिरायच्या आणि तास तास हलायच्या नाहीत. पोराला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या. आम्ही मागून तंबाखूची खूण करून हसायचो. त्यांनी ती एकदा पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तळवे घासून झाल्यावर माझ्यापुढे हात केला आणि विचारलं, "चुना आहे काय गं?"

वॉर्डात एक वाक्य त्यांनी बंद केलं होतं. 'अजिबात दुखणार नाही हं बाळा,' असं जो म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सुरुवातीला आम्ही सगळेच चहा पाजून बेजार झालो, कारण ते वाक्य सुई हातात घेतली की तोंडातून आपोआपच निघतं. मॅडमचं म्हणणं एवढंच की पोरगं एकदा फसेल. दुसऱ्या वेळी तुमचा पांढरा कोट दारात दिसला तरी ते बोंब ठोकेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळा होता. ड्रेसिंगच्या वेळी एकाही पोराला धरून ठेवायची वेळ येऊ नये. आमच्याकडे भाजलेली, कापलेली, ऊसतोडीत कोयता लागलेली पोरं यायची. त्यांच्या जखमा रोज उघडायच्या, धुवायच्या, पुन्हा बांधायच्या. रीत अशी की आईला बाहेर काढायचं, एकाने खांदे धरायचे, एकाने पाय आणि मोठ्या सरांनी भराभर काम उरकायचं. आवाज पार केसपेपरच्या खिडकीपर्यंत जायचा. तिथे रांगेत उभी असलेली माणसं मान खाली घालायची आणि रांग पुढे सरकायची.

मोठे सर म्हणजे आमचे सर्जन. माणूस सोन्यासारखा. गरिबाच्या पोराला घातलेले टाके मोजून पैसे घेणाऱ्यातले ते नव्हेत. हात असा चपळ की बघत राहावं, आणि त्या चपळाईचा त्यांना अभिमानही होता. मॅडम म्हणायच्या, अर्धा तास आधी दुखण्याचं औषध देऊ, ते चढू दे, मग हात लावा. सर म्हणायचे, दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास कशाला, बाहेर ओपीडी खोळंबली आहे. यावर मॅडम एकदा म्हणाल्या, "सर, दोन मिनिटं तुमची. त्या पोराची उद्या सकाळपर्यंतची."

सरांनी ऐकलं नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी मॅडमनी ड्रेसिंग रूमच्या दारात स्टूल टाकलं आणि मांडीवर डबा उघडून बसल्या. आत भडंग. लसूण न घातलेलं, घरी केलेलं. आम्ही तिकडचे लोक, लसणाशिवायच्या भडंगाला भडंग म्हणत नाही, पण दार अडलेलं होतं. सर आले. मॅडम म्हणाल्या, औषध दिलंय पोराला, चढेपर्यंत घ्या. सरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पन्नाशीच्या बाईला दारातून हाताला धरून उठवणार कोण? शेवटी त्यांनी एक मूठ घेतली आणि उभ्यानेच खात म्हणाले की यात लसूण नाही. असं आठवडाभर चाललं. पुढे सर स्वतःच भडंग आणू लागले, लसणाचं, आणि मॅडमना उगाच आग्रह करायचे.

औषध आधी द्यायचं हे ठरलं. पण किती द्यायचं, कुणाला द्यायचं, हे कसं कळणार? पोरं सांगत नाहीत. पुण्याच्या एका शिबिरातून मॅडमनी एक तक्ता आणला होता. त्यावर ओळीने तोंडं काढलेली, पहिलं हसरं आणि शेवटचं ढसाढसा रडणारं. पोराने आपल्याला जेवढं दुखतंय तसल्या तोंडावर बोट ठेवायचं. आमच्या वॉर्डात काय झालं, तर हात मोडलेला असो, पोट फाडलेलं असो, प्रत्येक पोराने हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. मॅडम दोन दिवस खूश होत्या. तिसऱ्या दिवशी कवठ्याच्या एका पोराने बोट ठेवून हळूच विचारलं, "ह्येच बरोबर हाय न्हवं?" त्याला वाटलं परीक्षा आहे. समोर डॉक्टर, शेजारी आई, आणि रडकं तोंड निवडायचं म्हणजे नापास. मॅडमनी तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. मला म्हणाल्या, "तोंड शिकवून ठेवलेलं असतं गं. पायाच्या बोटांना कोण शिकवतंय?" तेव्हापासून त्या पोरांचे पाय आधी बघायला लागल्या. दुखणं दाबून धरलेल्या पोराची बोटं आत वळलेली असतात. मला ते तोवर कधी दिसलं नव्हतं आणि नंतर मात्र सगळीकडे दिसायला लागलं.

त्याच दिवसांत वैष्णवी आली. साताऱ्याकडच्या एका गावची, सहा-सात वर्षांची. गुऱ्हाळावर काकवी पायावर सांडली होती, उजवी पोटरी सगळी भाजली होती. वडील फौजेत हवालदार, बातमी कळताच सुट्टी काढून आले. मिशी पिळलेली, बोलणं कमी. त्यांनी पोरीच्या कॉटशी उभं राहून सांगितलं, "आपन फौजीची पोर हाय. रडायचं न्हाई." पोरीने पडल्या पडल्या सॅल्यूट ठोकला. आणि खरंच, ती रडली नाही. ड्रेसिंगला नेलं तरी हूं की चूं नाही. सरांनी खिशातून चॉकलेट काढून दिलं, शेजारपाजारच्या आया आपापल्या पोरांना तिचा दाखला देऊ लागल्या. रोज औषध द्यायला गेलं की हवालदार हात आडवा घालायचे. न रडणाऱ्या पोरीला दुखण्याचं औषध कशाला, सवय लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आई पदराचं टोक तोंडात धरून उभी असायची, पण नवऱ्यापुढे बोलायची नाही.

मॅडम मात्र पोरीचे पाय बघून अस्वस्थ होत्या. डाव्या, चांगल्या पायाची बोटं रात्रंदिवस आत. पोर खात नव्हती. विचारलं तर म्हणायची, "बरी हाय."

मग एका सकाळी तिने माझ्याकडे तक्रार केली की कॉटवर मुंग्या आहेत. मी चादर झटकली, गादी उलटली, कॉटचे पाय पुसले. मुंगी नव्हती. दुपारी पुन्हा तेच. पायाला गूळ लागलाय म्हणून मुंग्या येतात, असं तिने मला समजावूनही सांगितलं. काकवी म्हणजे गूळच की, आणि गुळाला मुंग्या लागणारच. मी हसत हसत ही गंमत मॅडमना सांगायला गेले. मॅडम हसल्या नाहीत. उठून आल्या, तळवे घासले, पोरीच्या चांगल्या पायावर हात ठेवला आणि अगदी गावाकडच्यासारखं विचारलं, "मुंगी हाय का मुंगळा?"

"आत्ता मुंगी हाय," पोर म्हणाली. "सकाळी गांधील हुती."

"आणि ती गाडी येते तेव्हा?"

ड्रेसिंगची ढकलगाडी. तिचं एक चाक कुरकुरायचं, ती पार दुसऱ्या टोकाला असली तरी ऐकू यायची. वडील दारात नाहीत ना हे बघून पोर म्हणाली, "तवा इंगळी येती."

इंगळी म्हणजे मोठा विंचू. आमच्या भागात उसाच्या पाचटात राबणाऱ्या कुणालाही इंगळी काय असते हे सांगावं लागत नाही. मॅडमनी पोरीच्या पायावरचा हात काढला नाही. पण माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायची त्यांनी काही धडपड केली नाही.

हवालदारांशी त्या व्हरांड्यात बोलल्या. मी औषधाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. मला वाटलं आता बांधावरचा आवाज निघणार. तो निघाला नाही. मॅडमनी विचारलं, "पोस्टवर जवान आहे. कोणतरी चालून येताना त्याला दिसलं. पण तो गप बसला, मागं कळवलं नाही. त्याला तुम्ही शूर म्हणणार काय?"

"शूर कसला?" हवालदार म्हणाले. "त्यो तर गुन्हा झाला."

"मग ही पोर पोस्टवर आहे. तिला कळवू दे की."

हवालदार बराच वेळ हातातल्या टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. मग आत गेले आणि पोरीच्या कॉटशी पहिल्यांदा खाली बसले. एरवी ते उभेच असायचे. तिला म्हणाले, "आत कोन आलं की म्याडमला कळवायचं. ही ड्युटी हाय. कळवलं म्हंजी रडलं न्हवं."

दुसऱ्या दिवशी औषध दिलं. मॅडम, सर, मी आणि हवालदार, सगळे वाट बघत उभे. आई पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, आता तिला बाहेर काढत नव्हतो. थोड्या वेळाने मॅडमनी विचारलं, आत कोण आहे? पोर म्हणाली, गांधील. म्हणजे अजून थांबायचं. सरांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा खिशात हात घातले. आणखी थोड्या वेळाने पोर म्हणाली, आता मुंगीच हाय, येकच, बारकी. हवालदारांना राहवलं नाही. "मारा की म्याडम तिला," ते म्हणाले.

"आमच्यात मारत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "बाहेर काढतात."

पोर हसली. इस्पितळात आल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. सरांनी पट्टी सोडायला घेतली. निम्मं काम झालं असेल नसेल, तोच पोरीने उजवा हात कपाळाला लावला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "म्याडम, इंगळी आली."

सरांचा हात थांबला. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण सुरू केलेल्या ड्रेसिंगमध्ये तो हात थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. मॅडमनी आणखी औषध दिलं. आणि मग सरच पुढे वाकून विचारायला लागले, "गेली काय गं? बघ नीट. गेली का?" पोरीने डोळे मिटून आत नीट बघितलं आणि गेली म्हणून सांगितलं, तेव्हाच त्यांनी पुन्हा हात लावला.

वैष्णवी बरी होऊन गेली, पण तिची मुंगी, गांधील आणि इंगळी आमच्या वॉर्डात राहिली. दुखतंय का, असं आम्ही कुणी विचारेनासे झालो. दुखतंय म्हटलं की पोराला वाटतं आपण कमी पडलो. आत कोण आहे, असं विचारलं की त्यात त्याचा काय दोष? ते खरं सांगून टाकतं. अगदी तान्ह्यांना विचारता येत नाही, त्यांच्यासाठी मॅडमनी सुई टोचायच्या आधी जिभेवर साखरपाण्याचे थेंब द्यायला शिकवलं. आयांच्या मोबाईलवर कार्टून लावून द्यायलाही त्यांची ना नसायची, फक्त आवाज कमी ठेवा म्हणायच्या. आणि पोरं त्यांना मुंगीबाई म्हणायची, समोरसुद्धा.

मुंबईहून एक नवे शिकाऊ डॉक्टर आले होते, दळवी नावाचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना घाईत सांगितलं की खिडकीजवळच्या कॉटवर इंगळी आहे, लवकर चला. इंगळी म्हणजे काय हे त्यांनी बिचाऱ्यांनी कुणाला तरी विचारलं आणि काठी घेऊन आले. मागे वॉचमनला घेऊन. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. पुढे कितीतरी दिवस त्या दळवींना बघितलं की विचारायच्या, काठी कुठाय? दळवीही हसायचे. ते शिकून इथेच राहिले.

मॅडम निवृत्त होऊन आष्ट्याला भावाकडे गेल्या. हळदीच्या दिवसांत मला पिशवीभर हळद पाठवायच्या आणि फोनवर विचारायच्या, वॉर्डात कोण कोण आहे? मी सांगायची, आज दोन गांधिली आणि बाकी सगळ्या मुंग्या. मग मध्येच फोन येणं बंद झालं. दळवींनीच सांगितलं की मॅडमना हाडांचं दुखणं निघालंय, पसरलेलं आहे, आणि आपल्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर आणलं आहे.

मी दुपारी डबा घेऊन गेले. भडंग, लसूण न घातलेलं. मॅडम अर्ध्या झाल्या होत्या, पण मला बघून छान हसल्या. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ बसलेले. मोठ्या कौतुकाने मला सांगू लागले, "आमची अक्का लय धीराची. येवढं दुखणं, पर एकदा बी हाय म्हटलं न्हाई. डाक्टर इचारत्यात, ही म्हनती बरी हाय." मॅडम हसतच होत्या. अगदी त्या तक्त्यावरच्या पहिल्या तोंडासारख्या.

मी चादर सारखी करायचं निमित्त केलं आणि पायाकडची बाजू उचलली. मोजे नव्हते. दोन्ही पायांची बोटं आत वळलेली होती.

स्टूल ओढून बसले. तळवे घासले आणि त्यांच्या पायावर हात ठेवला. पाय गार होता. मी विचारलं, "मॅडम, आत कोण आहे?"

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मुंगी."

भाऊ लगबगीने उठून उशी, चादर बघायला लागले. मी त्यांना बसा म्हणून खूण केली. मॅडमना म्हटलं की मी पाय बघितलेत. मग त्या खिडकीकडे बघायच्या थांबल्या. हसू हळूहळू उतरलं आणि खाली जो चेहरा होता तो मी त्यांच्या ओळखीत कधी पाहिला नव्हता. माझं मनगट धरून त्या म्हणाल्या, "इंगळी आहे गं. लय दिवसांची आहे."

"मग कळवलं का नाही?"

"आम्ही आष्ट्याचे. आमच्यात रडत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. आवाज न करता, लहान पोरासारख्या. भाऊ अवघडून उभे राहिले आणि मग त्यांनीही बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

मी जिन्यावरून खाली गेले. दळवी ओपीडीत होते, समोर रांग. मी दारातूनच सांगितलं की वर मॅडमच्या खोलीत इंगळी आहे. ते समोरच्या माणसाला बसा म्हणाले आणि माझ्या पुढे जिना चढले.

औषध दिल्यावर ते चढेपर्यंत थांबावं लागतं. दळवी थांबले, भाऊ थांबले, मी थांबले. डबा उघडला आणि तिघांनी मूठ मूठ भडंग घेतलं. दळवी म्हणाले यात लसूण नाही. मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या, पण ओठ जरासे हलले. रस्त्यावर दुपारचा गलका चालू होता आणि खोलीत आम्ही तिघं शेंगदाणे चावत होतो.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, आता कोण आहे?

"मुंगी," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "बारकी आहे. असू दे तिला."

मी पायाकडची चादर उचलून बघितली. बोटं सुटली होती.